दहा डोसांची बाटली

रेबीजच्या लसीची शिबिरात वापरायची बाटली साधारण दहा मिलीची असते. एका कुत्र्याला एक मिली, म्हणजे एका बाटलीत दहा कुत्री. रबरी बूच एकदा सुईनं टोचलं, की लस त्याच दिवशी संपवायची. उरेल ती वाया. एकेका डोसाच्या छोट्या बाटल्याही मिळतात, पण त्यात डोस महाग पडतो. गरीब वस्तीतल्या पाळीव प्राण्यांवर परवडणारे उपचार कसे होतात, याचं अर्धं गणित या बाटलीत आहे. दहाजण एकत्र आले की खर्च विभागला जातो.

उरलेलं अर्धं गणित लसीच्या बाहेरचं आहे. डॉक्टरांची फी, कुत्रा बघून नकार देणारे रिक्षावाले आणि कामावरचा एक खाडा, हे सगळं धरलं तर रोजंदारीवरच्या माणसाला लसीपेक्षा दवाखान्यापर्यंतची वाटच महाग पडते. म्हणून शिबिर वस्तीत न्यायचं, तेही रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत.

शिबिराचं खरं काम आदल्या आठवड्यात होतं. कार्यकर्ते गल्लोगल्ली फिरून यादी करतात: कुणाकडे कुत्रा, कुणाकडे मांजर, पिल्लं किती महिन्यांची, कोणती कुत्री व्यायलेली आहे, कोण अंगाला हात लावू देत नाही. किती बाटल्या आणायच्या हे या यादीवरून ठरतं. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. बर्फाच्या पेटीत बाटली थेट बर्फाला टेकू द्यायची नाही, कारण लस गोठली तरीही निकामी होते. पेटीत थर्मामीटर हवाच.

मग मांडणी. पहिल्या टेबलावर नाव लिहून कार्ड द्यायचं. दुसरीकडे वजन. त्यासाठी माणसांचा साधा काटा पुरतो: मालकानं कुत्र्याला उचलून उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. जंताच्या गोळीचा डोस किलोवर ठरतो, म्हणून वजन अंदाजानं लिहून चालत नाही.

तिसऱ्या टेबलावर टोचणी. कुत्रा बिथरला तर पट्टीच्या कापडाची मुसकी बांधतात: नाकाडावर फास, जबड्याखाली एक वेढा, आणि गाठ कानांमागे. ती पटकन सुटेल अशीच मारायची, कारण कुत्रा तोंड उघडं ठेवून धापा टाकतो तेव्हाच त्याचं अंग थंड होतं. मालकानं डोकं धरायचं, डॉक्टर मानेवरची सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली लस सोडतात. पिल्लू तीन महिन्यांचं झालेलं असावं. पुढचा डोस वर्षानं. मांजराला उशीच्या अभ्र्यातून आणलं तर ओरखडे वाचतात. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथंच थांबवायचं, कारण क्वचित एखाद्याला लसीची रिअ‍ॅक्शन येते आणि तेव्हा डॉक्टर जवळ असावे लागतात.

रांगेत आजारी जनावरंही येतात. इथं कमी खर्चाच्या वैद्यकाची कसोटी लागते. मोठ्या दवाखान्यात आधी रक्ततपासणी होते, मग औषध. वस्तीत क्रम बदलतो. डॉक्टर हिरड्या पाहतात, ताप मोजतात, कानामागे गोचीड शोधतात. हिरड्या पांढुरक्या, अंगात ताप आणि गोचीड भरपूर, तर गोचीडतापाचा संशय धरून डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. हे औषध स्वस्त आहे. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर तपासणी. निकालानं उपचार बदलणार असेल तरच तपासणीवर पैसे घालायचे, हा नियम. पार्वो या विषाणूजन्य आजाराची लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब असतील तर मात्र थांबून चालत नाही. पार्वोत पिल्लू पाणी कमी होऊन जातं, म्हणून सलाइन लगेच. ‘तुम्हाला किती झेपेल?’ हे डॉक्टरांनी मालकाला सुरुवातीलाच मोकळेपणानं विचारलेलं बरं. नाहीतर माणूस लाजेनं मान डोलावतो आणि पुन्हा फिरकत नाही.

कार्डाच्या मागे दोन सूचना छापायच्या. माणसांचं पॅरासिटामॉल मांजराला द्यायचं नाही. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. आणि कुत्रा चावला तर हळद, मिरची, चुना काही न लावता जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

शिबिराच्या टेबलावर सगळं होत नाही. नसबंदीला शस्त्रक्रियेची खोली लागते, हाड मोडलं तर एक्स-रे लागतो. त्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसर्वचिकित्सालय. तिथं गाई-म्हशींची गर्दी जास्त असली तरी कुत्र्या-मांजरांनाही पाहतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे काम एकोणिसाव्या शतकापासून करत आलं आहे. शिबिरवाल्यांनी कार्डावर जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि वेळ लिहून दिली नाही, तर ‘पुढे दाखवा’ या सल्ल्याला काही अर्थ राहत नाही.

लसीकरणाचं हेच काम एका राज्याच्या आकारात केलं तर काय होतं, ते गोव्यानं दाखवलं. 2013 ते 2019 या काळात तिथं ‘मिशन रेबीज’ या संस्थेनं आणि राज्य सरकारनं मिळून मोहीम उभी केली. पथकं मोबाइल अ‍ॅपवर वाड्या-वस्त्यांची नोंद ठेवत दारोदार गेली. भटकी कुत्री जाळ्यानं धरून, टोचून तिथंच सोडली. वर्षाला 95 हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, सुमारे 70 टक्के प्रमाण, आणि शाळांमधून दीड लाख मुलांपर्यंत माहिती. महिन्याला सापडणारी कुत्र्यांमधली रेबीजची प्रकरणं 92 टक्क्यांनी घटली आणि माणसांचे रेबीजमृत्यू थांबले. 2021मध्ये गोवा ‘रेबीजनियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला.

त्यातला 70चा आकडा प्रत्येक वस्तीनं लक्षात ठेवावा. दहापैकी सात कुत्री टोचलेली असली की विषाणूला पुढचं शरीर मिळणं अवघड होतं. पण म्हातारी कुत्री मरतात, नवी पिल्लं जन्मतात, आणि वर्षभरात हे प्रमाण आपोआप खाली येतं. एकदाच गाजावाजा करून घेतलेल्या शिबिराचा उपयोग म्हणूनच थोडा. मंडळानं, सोसायटीनं किंवा बचत गटानं हे काम हाती घ्यायचं ठरवलं, तर मंडप उतरवायच्या आधी दोन गोष्टी उरकाव्यात: आज कोणती घरं राहून गेली त्याची यादी, आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराची तारीख.