बदकाच्या पोटातला छर्रा

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाऐवजी दुसऱ्या धातूचे छर्रे वापरले की पक्ष्यांचा धोका संपला, असे सरसकट मानले जाते. आज बाजारात मान्यता असलेल्या छऱ्यांपुरते हे बरोबर आहे, पण ते शिशाचे नाहीत एवढ्यानेच ते निर्धोक ठरलेले नाहीत. बंदुकीच्या एका काडतुसात शंभराहून अधिक छर्रे असू शकतात; बदकाला लागतात मोजके, बाकीचे पाण्यात पडून तळाच्या चिखलात मिसळतात. दाणे दळायला बदके वाळू-खडे गिळतात, त्यातच हेही पोटात जातात. हे दळण पेषणीत चालते; चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळणारा पेटा म्हणजे पक्ष्याची पेषणीच. जठरातले आम्ल आणि खड्यांचे घर्षण मिळून तिथे धातू झिजतो. शिसे असे रक्तात उतरले की पेषणी लुळी पडते, अन्न पुढे सरकत नाही, पंख लोंबतात आणि बदक भरल्या पोटी खंगून मरते. उत्तर अमेरिकेतल्या पाणबदकांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी शिशाच्या विषबाधेने मरत असावीत, असा अंदाज फ्रँक बेलरोज यांनी १९५९ मध्ये मांडला होता. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी अमेरिकेत देशभर शिशावर बंदी यायला १९९१ उजाडले.

पेषणी मात्र कोणत्याही धातूला सोडत नाही. म्हणून छर्रा झिजल्यावर अंगात काय उतरते, हे धातूगणिक तपासावेच लागते. ते का, हे जस्तावरून कळते. जस्त स्वस्त आहे, शिसे तर नाहीच. पण जस्ताचे छर्रे दिलेल्या मॅलार्ड बदकांचे वजन घटले, पाय लुळे पडले, काही मेली. अमेरिकेने या छऱ्याला मान्यता दिली नाही. तिथे नव्या छऱ्याला आधी कागदोपत्री रसायनशास्त्राची परीक्षा द्यावी लागते आणि तेवढ्याने शंका फिटली नाही तर तो जिवंत बदकांना खाऊ घालून पाहिला जातो. तुलनेला काही बदकांना शिसे देतात, काहींना काहीच देत नाहीत. पुढच्या टप्प्यात थंडी आणि निकृष्ट खुराकाचा ताण देतात, अंडी-पिल्लेही पाहतात. नुसत्या मक्यावर राहणाऱ्या बदकाला शिसे जास्त बाधते, हे जुन्या प्रयोगांतून ठाऊक होते. तेव्हा प्रयोगशाळेतली बदके खाऊन-पिऊन सुखी असतात, हा आक्षेप इथे फारसा टिकत नाही.

या चाचण्यांत पोलाद, बिस्मथ-कथील आणि टंगस्टनची काही मिश्रणे उतरली. पोलादी छऱ्यातले लोह शरीराला ओळखीचे, तर बिस्मथ आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. टंगस्टनबद्दल अधिक गंभीर हरकत निघाली: टंगस्टन-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूचे तुकडे उंदरांच्या स्नायूंत बसवल्यावर गाठी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तो निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र तो त्या विशिष्ट मिश्रणाचा आणि स्नायूत रुतलेल्या धातूचा आहे. टंगस्टन-लोहाचा गिळलेला छर्रा ही वेगळी बाब. मिश्रण बदलले की परीक्षा नव्याने घ्यावी, एवढेच त्यातून निघते.

शिकाऱ्यांची जुनी तक्रार अशी की पोलाद हलके, त्यामुळे पक्षी मरण्याऐवजी जायबंदी होतात. पोलादाची घनता शिशाच्या सुमारे सत्तर टक्केच, हे खरे; त्यावर छर्रा थोडा मोठा आणि अंतर कमी, हा उपाय आहे, आणि नेम चुकण्याचे खापर धातूवर फोडण्यात अर्थ नाही. उलट बंदीनंतर मिसिसिपी उड्डाणमार्गावरच्या बदकांच्या पेषण्या तपासल्या, तेव्हा गिळलेल्या छऱ्यांत बिनविषारी छर्रेच अधिक सापडले. त्यावरून १९९७ च्या हंगामात उत्तर अमेरिकेतली सुमारे १४ लाख बदके शिशाच्या मरणातून वाचली असावीत, असा हिशेब संशोधकांनी मांडला. इंग्लंडमध्ये पाणबदकांसाठी शिशाला १९९९ पासून मनाई आहे, तरी नंतरच्या पाहण्यांत विक्रीला आलेल्या बदकांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश शिशानेच मारलेली निघाली. तिथे पर्यायांच्या विषारीपणाची चर्चा रंगवणाऱ्यांनी आधी हा आकडा पाहावा.