कॅनमधली ‘बचत’

दर वाढण्याआधी पेट्रोल घरात भरून ठेवावं, हा विचार हिशेबाला टिकत नाही. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ च्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता येतं. तेही घट्ट बुचाच्या भांड्यात: धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं असेल तर जेमतेम १ लिटर. पाण्याची प्लॅस्टिक बाटली यात बसत नाही. आता लिटरमागे ५ रुपये वाढले असं धरा. ३० लिटरवर वाचले १५० रुपये! एवढ्यात धड कॅनही येत नाही. आणि दर उतरले तर? मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी कमी केलं होतं.

धोका मात्र पुरेपूर. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. आपल्या हवेत ती कायम तयारच. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून वर निघून न जाता फरशीलगत पसरते. गॅसची शेगडी, देवघरातली समई, स्विचची ठिणगी, काहीही पुरे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावाही ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

१६ जून २०१७ पासून देशभर दर रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतात. वाढीची कुणकुण लागलीच तर आदल्या संध्याकाळी गाडीची टाकी भरून घ्या, कॅन घरी आणू नका.