कथा सांगतो कोण?

वकिलीच्या निमित्ताने धाराशिव जिल्ह्यातील गावोगावच्या बांधवांचे जबाब आम्ही वाचत आलो आहोत. जबाबाची सुरुवात ‘मी’ने होते, पुढची भाषा मात्र बऱ्याचदा लिहून घेणाऱ्याची असते. ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची झाली’ एवढे लिहिले की मार खाणारा आणि मारणारा एकाच मापाचे ठरतात. घटना तीच, पण सांगणारा बदलला की गुन्हा बदलतो!

कथेचेही असेच आहे. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 साली आला. शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि खोली मिळावी म्हणून जात लपवतो. ही कथा घरमालकाने सांगितली असती तर? ‘लबाड सापडला’ एवढाच तिचा अर्थ उरला असता. बागुलांनी ती त्या तरुणाच्याच तोंडी दिली. त्याचे गुपित वाचकाला ठाऊक, भोवतालच्यांना नाही. त्यामुळे कुणी प्रेमाने जेवायला बोलावले तरी वाचकाच्या छातीत धडकी भरते. ज्याला जात कधी लपवावी लागली नाही, त्यालाही काही पाने त्या भीतीत काढावी लागतात. शीर्षक कबुलीजबाबाचे आहे. कथा संपते तेव्हा मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात जातिव्यवस्था उभी असते.

पण नुसते ‘मी’ लिहिले म्हणजे भागले, असे नव्हे. आमच्या जिल्ह्यातील कळंब तालुक्याचे कथाकार भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ पाहा. भाव पडल्यावर बाप भरबाजारात आपलेच टोमॅटो पायांनी तुडवतो. गिऱ्हाइकाला तो वेडेपणा वाटेल. सोबत आलेल्या लेकराला मात्र घरादाराचे कष्ट चिखलात जाताना दिसतात. प्रश्न ‘मी’ की ‘तो’ एवढाच नाही. लेखक कुणाच्या बाजूला उभा राहून पाहतो, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून नवलेखक मित्रांनो, लिहायला बसताना आधी ठरवा, ही साक्ष कुणाची? गावकुसाबाहेरच्या माईची गोष्ट सांगताना आपण तिच्या उंबऱ्यात बसलो आहोत की वाड्याच्या माडीवरून पाहतो आहोत?

आणि बांधवांनो, फिर्याद देताना ती वाचून दाखवायला लावा. शब्द तुमचे नसतील तर दुरुस्ती केल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका. मोफत प्रत मागून घ्या, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. आपली कथा आपल्याच तोंडून नोंदली गेली पाहिजे, मग ती पुस्तकात असो की ठाण्यात!