गुडघा सांभाळा, खेळ सोडू नका!

मुलीचा गुडघा सुजला की घरात पहिला निर्णय होतो – खेळ बंद! पालकांनो, थांबा. नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलची गोडी लावली. आपल्या वडशाच्या मुलींनीही खेळलेच पाहिजे.

फुटबॉलमध्ये गुडघ्याचे लिगामेंट पुष्कळदा कुणाचा धक्का न लागताच तुटते. उडीवरून उतरताना किंवा एकदम वळताना गुडघा आत झुकतो. मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त. मग ऑपरेशन आणि कित्येक महिने मैदान बंद. मजुरीच्या घराला हे कसे झेपणार?

उपाय बिनखर्चाचा आहे. ‘फिफा ११ प्लस’ हा २० मिनिटांचा सराव खेळाआधी करावा :

• ८ मिनिटे हळू धावणे.
• १० मिनिटे पोट-पायांच्या ताकदीचे व्यायाम, एका पायावर तोल, उड्या. उतरताना गुडघे वाकलेले व पायाच्या सरळ रेषेत हवेत.
• २ मिनिटे वेगात धावणे.

नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या १८९२ मुलींवर हा सराव तपासला गेला. २००८ साली निष्कर्ष आला : सराव करणाऱ्यांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्या!

आठवड्यातून दोनदा तरी हे व्हावे, असा आग्रह क्रीडाशिक्षकांकडे धरा. आणि सुजलेला गुडघा चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.