एक मिनिट मोजायचं

मूल आईच्या मांडीवर. समोर बसलेला स्वयंसेवक त्याचं झबलं वर करतो आणि छातीकडे बघत श्वास मोजतो. पूर्ण एक मिनिट. मूल रडलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० श्वास भरले, की न्यूमोनियाचा संशय धरायचा. छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल, तर तडक दवाखाना. हे ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. घड्याळ लागतं, आणि मुलाच्या झोपडीपर्यंत चालत जाणारं माणूस.

१९९७ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या वाचून पुण्यात काही तरुण अस्वस्थ झाले. त्यातून ‘मैत्री’ ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘धडक मोहिमे’त शहरातली माणसं पावसाळ्यात तुकड्यातुकड्यांनी चिखलदरा तालुक्यातल्या चिलाटी, हतरू भागात जाऊन राहतात. पावसाळाच का? नाले भरले की रस्ता तुटतो, घरातलं धान्य सरत आलेलं असतं, आईबाप दिवसभर शेतात आणि हगवण-न्यूमोनिया नेमके तेव्हाच बळावतात.

पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके द्यायची रीत तिथल्या कोरकू आदिवासींमध्ये आहे. तिला डंबा म्हणतात. ते व्रण पाहून नवा स्वयंसेवक संतापतो. पण आईवर ओरडून काय होणार? मध्यरात्री, भर पावसात तिला हाकेच्या अंतरावर भुमकाच, म्हणजे गावचा वैदूच, सापडला. मला वाटतं, मोहिमेतलं सगळ्यात अवघड शिक्षण हेच: राग गिळून तिच्या शेजारी बसणं.

डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे मेळघाटातच, बैरागडला, कायमचे राहिले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वयंसेवक मात्र परततो. म्हणून त्याच्या वहीतली नावं, वजनं आणि दंडाचा घेर आशाताईकडे पोचलाच पाहिजे. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल पुढच्या आठवड्याची वाट पाहू शकत नाही.

आम्ही यवतमाळची माणसं मेळघाटाबद्दल हळहळतो. झरी-जामणी, केळापूर, घाटंजीकडचे कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, तर आपल्याच जिल्ह्यातले. तिथेही आशाताई आहे, झोळीचा वजनकाटा आहे. श्रावणातल्या चिखलात तो काटा खांद्यावर घेऊन तिच्यासोबत पोडावर जाणारी दोन माणसं हवी आहेत.