अम्मींना चावता येईल असा रोस्ट

गेल्या बकरी ईदला आमच्याकडे मोठ्या जनावराच्या कुर्बानीतला एक हिस्सा होता. वाटप झाल्यावर मांडीचा किलोभराचा सलग तुकडा उरला. मुलांनी हट्ट धरला, "आज रोस्टच करा." मी मसाला लावला, गोश्त, बटाटे, गाजर सगळे एकदम कुकरमध्ये घातले आणि आठ शिट्ट्या मोजून गॅस बंद केला. बटाट्यांचा लगदा झाला, गोश्त मात्र चिवटच राहिले. माझ्या सासूबाई कवळी लावतात. अम्मींनी दोन घास चघळले, हळूच ताटाच्या कडेला ठेवले आणि "भूक नाही बेटा" म्हणत रश्शात पाव बुडवून खाल्ला. ईदच्या दिवशी घरातले सर्वांत मोठे माणूस असे उठले, याची मला फार रुखरुख लागली.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना विचारले, तेव्हा चूक कळली. आपल्या राज्यात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्या घरी येते ते म्हशीचे किंवा रेड्याचे गोश्त. त्यात चरबी कमी. मांडी आणि खांदा हे जनावराचे राबणारे भाग, म्हणून तिथे चिवट धागे जास्त असतात. हे धागे विरघळायला उष्णता लागते आणि त्याहून जास्त वेळ लागतो. उघड्या भांड्यात पाणी साधारण १०० अंशांवर उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून तीन तासांचे काम तासाभरात होते. भाज्यांना मात्र एवढा वेळ नकोच असतो. शिवाय ताजे कापलेले गोश्त काही तासांत ताठ होते. ते फ्रिजमध्ये ठेवले तर हळूहळू नरम पडते.

आता मी असे करते. एक किलो बिनहाडाचा तुकडा दोऱ्याने बांधून घेते. त्याला मीठ, मिरपूड, आले-लसूण आणि दोन चमचे सिरका लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. कच्ची पपई मोठ्या तुकड्याला लावत नाही, कारण ती आतपर्यंत पोचत नाही आणि वरचा थर तेवढा पिठूळ होतो.

दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये तेल चांगले तापवून तुकडा सगळ्या बाजूंनी तपकिरी होईपर्यंत परतते. याला दहा मिनिटे लागतात, घाई करू नये. तो बाजूला काढून त्याच तेलात तीन कांदे, दालचिनी, चार लवंगा आणि एक टोमॅटो परतते. मग तुकडा परत ठेवून दीड पेला गरम पाणी घालते. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पंचेचाळीस मिनिटे ठेवते. शिट्ट्या मोजत नाही, घड्याळ पाहते. वाफ आपोआप जिरू देते. सुरी सहज आत गेली नाही तर आणखी दहा मिनिटे.

मग गोश्त काढून झाकून ठेवते. त्याच रश्शात तीन बटाट्यांचे अर्धे तुकडे आणि गाजराचे मोठे तुकडे घालून एकच शिट्टी घेते. फरसबी शेवटी, झाकण न लावता पाच-सात मिनिटे. तोवर रस्साही दाट होतो. गोश्ताचे काप धाग्यांच्या आडव्या दिशेने, पातळ करावेत. धाग्यांच्या दिशेने कापले तर शिजलेले गोश्तही चिवट लागते.

भगिनींनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि वाफ असताना झाकण जोर लावून उघडू नका. रबर सैल झाले असेल किंवा त्याला चिरा पडल्या असतील तर लगेच बदला.

महिन्याभराने पुन्हा रोस्ट केला. मधला, सर्वांत नरम काप मी आधी अम्मींच्या ताटात वाढला. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी ताट पुढे केले आणि म्हणाल्या, "अजून एक दे."