एकतीस मार्चचा केक

आमच्या मुलीचा जन्म ३१ मार्च १९९०चा. ज्यांनी बँकेत नोकरी केली आहे त्यांना पुढचं काही सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पूर्वी बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं. १९८९ साली ते मार्चअखेरीवर आणलं गेलं आणि पुढच्याच वर्षी नेमक्या त्या तारखेला आमच्या घरी कन्यारत्न आलं. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी शाखेत लेजरांच्या ढिगाऱ्यात बसलो होतो. सत्तावीस पैशांचा फरक सापडत नव्हता. तो सापडला, सह्या झाल्या, आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तारीख बदलली होती. लेक सात तासांची झाली होती.

पुढे नोकरी संपेपर्यंत तिच्या एकाही वाढदिवसाला मी घरी नव्हतो. ३१ मार्चला सरकारी चलनांचे गठ्ठे संध्याकाळी उशिरा यायचे, खर्ची न पडलेलं अनुदान शेवटच्या तासात खर्ची पडायचं, आणि हे सगळं हाताने लिहायचं. व्याजाची आकडेमोडही हातानेच. केकची जबाबदारी अर्थातच हिच्याकडे.

वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. क्रीमचा केक हवा तर अकोल्याहून आणावा लागे. एका वर्षी मी अपराधी मनाने तो उद्योगही केला. ओळखीच्या माणसाने एसटीतून मांडीवर खोका आणला. मार्चअखेरचं आमच्याकडचं ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना खोक्यात काय उरलं असेल याची कल्पना येईल. त्यावर लिहिलेलं मुलीचं नाव कुणालाही वाचता आलं नाही म्हणे. म्हणे, कारण मी बँकेत होतो.

ही केक करायची ती वाळूवर. जर्मनचा जुना गंज, त्यात पैनगंगेची धुऊन, वाळवून, चाळलेली वाळू, वाळूवर केकचा डबा, गंजावर ताट आणि ताटावर निखारे. खालून वरून सारखी आच. ओव्हन म्हणजे तरी दुसरं काय असतं? माझा तुकडा वाटीखाली झाकून ठेवलेला असे. तो मी १ एप्रिलच्या पहाटे ओट्याशी उभ्याउभ्या खायचो, आणि ‘छान झालाय’ हे भिंतीला सांगायचो, कारण घर झोपलेलं असायचं.

माझ्या आईवडिलांच्या पिढीला या वाढदिवसांचं नवल वाटे. त्यांच्या लेखी वाढदिवस तिथीने. औक्षण करायचं, दुधात तीळ-गूळ घालून प्यायचं, झालं. आणि खेड्यापाड्यात तर तिथीचाही पत्ता नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारत, पोरगं कधीचं? उत्तर येई, मोठा पाऊस झाला त्या सालचं. गुरुजी १ जून लिहून मोकळे. पेन्शनीच्या कागदांवर मी इतक्या माणसांची जन्मतारीख १ जून पाहिली आहे, की त्या दिवशी या राज्यात दुसरं काही होत नसावं असं वाटे. त्या माणसांचा वाढदिवस कोणी चुकवला नाही, कारण तो मुळात धरलाच नव्हता.

माझी मुलगीही बँकेतच लागली. मी तिला अडवलं नाही, एवढं नमूद करतो.

२०२४ साली ३१ मार्च रविवारी आला. मला वाटलं, सुटली बिचारी. पण सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा त्या रविवारी उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं आणि लेक सकाळीच डबा घेऊन गेली. जावई नोकरीनिमित्त बाहेरगावी. घरात मी, ही आणि पाच वर्षांची नात. नातीने सकाळीच हिला विचारलं, आईचा केक कधी करायचा? ही शांतपणे म्हणाली, “माझे करून झाले. यंदा आबांना सांग.”

मी हसलो. ही हसली नाही.

चौकातल्या किराणा दुकानदाराने मैदा बांधता बांधता विचारलं, “साहेब, घरी कशाले करता? तयार भेटते न आता.” खरं आहे. आता वाशिममध्ये तासाभरात केक मिळतो, वर फोटोसुद्धा छापून देतात. मी बेकिंग पावडरचा डबा मागितला आणि गप्प राहिलो.

या डब्याची एक गोष्ट आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे, म्हणून त्यांनी आधी अंड्याशिवाय कस्टर्ड केलं. तिला यीस्टही चालत नसे, म्हणून १८४३च्या सुमारास बेकिंग पावडर केली. म्हणजे बायकोच्या पोटासाठी नवऱ्याने केलेल्या खटपटीतून ही पूड निघाली. मी हे हिला ऐकवलं. “बघा, माणसं काय काय करतात,” एवढंच उत्तर आलं.

आमच्याकडेही अंडं चालत नाही. त्यामुळे दह्याचा केक. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, लागेल तसं दूध, थोडा व्हॅनिला. दह्याची आंबटी आणि सोडा यांची गाठ पडली की वायू सुटतो आणि पीठ हलकं होतं. म्हणून मिसळल्यावर रेंगाळायचं नाही. फार घोटायचंही नाही, मैद्याला चिकटपणा येऊन केक चिवट होतो. हे सगळं मला हिने दारात उभं राहून, आत पाऊल न टाकता सांगितलं.

नातीकडे चाळणी दिली. मैदा तीनदा चाळायचा होता. निम्मा परातीत पडला, निम्मा फरशीवर, आणि फरशीवरच्या मैद्यात तिने बोटाने फूल काढलं. मी कागदावर जिन्नस लिहून ठेवले होते. एक वाटी पडली की नातीने पेन्सिलने बरोबरची खूण करायची. वाटी शिगोशीग नको, सपाट हवी, हे तिने दोनदा मलाच सुनावलं. मधे मुलीचा फोन आला, यायला रात्र होईल, पोरीला जेवू घाल. मी आत आलो तेव्हा कागदावर मैद्यापुढे दोन खुणा नीट केलेल्या होत्या. दही, साखर, तेल, सगळ्यांपुढे खुणा. हिशोब चोख.

पण पीठ काही केल्या ओतण्याजोगं होईना. थालीपिठाच्या गोळ्यासारखं बसून राहिलं. मी कागद तपासला. पुन्हा तपासला. बँकेत असतो तर व्हाउचरं काढली असती, पानं उलटी तपासली असती. इथे तपासणार कशावरून? जे पडलं ते एकजीव झालेलं. नातीला विचारलं, किती वाट्या? “दोन,” ती म्हणाली, आणि खूण दाखवली.

शेवटी ही आत आली. बोटावर पीठ घेऊन पाहिलं, पाऊण वाटी दूध ओतलं, मूठभर साखर आणि आणखी थोडं दही घातलं, डब्यातली चिमूटभर पावडर टाकली आणि बाहेर जाऊन बसली. पन्नास वर्षांत वाटीचमच्याची गरज संपते, असं दिसतं.

वाळू कुठली आणायची? पैनगंगेच्या वाळूचे आता लिलाव होतात. गंजात जाडं मीठ पसरलं, झाकून दहा मिनिटं तापवलं, मग डबा ठेवला आणि गॅस बारीक केला. निखारे नव्हतेच. नात गंजासमोर पाट टाकून बसली.

“आबा, आई लहान होती तेव्हा तिचा केक तुम्हीच करत होते?”

“नाही.”

“काऊन?”

“बँकेत असायचो.”

तिने जरा विचार केला. “आईसारखं?”

“हो.”

“मग आईची आई काय करायची?”

बाहेरच्या खोलीत हिने टीव्हीचा आवाज कमी केला होता. मी म्हटलं, तुझी आजी वाळूवर केक करायची. नातीला ते फार आवडलं. वाळू दातात यायची का, हा पुढचा प्रश्न. मग तो विषय तिकडेच गेला आणि मी तो जाऊ दिला.

पाऊण तासाने विणायची सुई खुपसून पाहिली, कोरडी आली. मधून थोडा फुगलेला, कडेने भेगाळलेला, आमच्याकडच्या काळ्या जमिनीला मेमध्ये पडतात तशा भेगा. त्यावर नातीने जेम्सच्या गोळ्यांनी आईचं नाव लिहायला घेतलं. गोळ्या पुरल्या नाहीत, कारण निम्म्या पोटात गेल्या होत्या. पहिलं अक्षर झालं.

दहा वाजता नात दिवाणावर झोपली, मुठीत मेणबत्ती. मी व्हरांड्यात बसलो. घराच्या या बाजूला बसून ३१ मार्चची वाट बघण्याचा मला अनुभव नव्हता. साडेदहा वाजले, अकरा वाजले. गाडीचा आवाज आला की उठायचं, ती दुसऱ्याच कुणाची असली की बसायचं. ही तबक लावून ठेवून खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिला या कामाची सवय होती; ती एकदाही उठली नाही.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना लेक आली. चप्पल काढता काढता म्हणाली, “बाबा, झालं सगळं. उद्या बँक लोकांसाठी बंद, आम्हाला जायचंच आहे.” मग तिची नजर टेबलावर गेली. तिने आईकडे पाहिलं. हिने माझ्याकडे बोट दाखवलं.

लेक काही बोलली नाही. तिने केकचा कोपरा तोडला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ला. “खालून लागलाय,” म्हणाली आणि आणखी एक तोडला.

नातीला उठवलं. हिने निरांजन लावून लेकीला ओवाळलं. मेणबत्ती नातीने फुंकली, निरांजन तसंच तेवत ठेवलं. केकचा तुकडा तोंडात, डोळे अर्धे मिटलेले, अशा अवस्थेत नात माझ्या मांडीवर चढली आणि कानाशी येऊन म्हणाली, “आबा, तुम्ही फोनवर बोलत होते न, तेव्हा तिसरी वाटी मीच टाकली.”